सत्तावीस कॉलमची पावती: कोडमध्ये कॉलमांचे गट कसे बांधायचे

लातूरजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या केंद्रावर सोयाबीनच्या हंगामात मी आवकेचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. एका दुपारी एक काका हिशेबपट्टी घेऊन खिडकीशी आले. म्हणाले, "माझ्या मालात एवढी काडी कुठली ओ? चाळणी मारून आणलाय माल." पट्टीवर ओलावा २ टक्के आणि काडीकचरा १२ टक्के छापलेला होता. खरं होतं ते नेमकं उलट. कपात चुकली होती, पैसे कमी गेले होते.

चूक माझीच होती. पावती जतन करणाऱ्या फंक्शनला एकापाठोपाठ नऊ आकडे द्यावे लागत आणि त्यातले दोन मी उलट्या क्रमाने लिहिले. दोन्ही दशांश, दोन्ही लहान, त्यामुळे कंपायलरला काही खटकलं नाही आणि डेटाबेसनेही ते तसेच ठेवून घेतले. त्या दिवशी पट्टी दुरुस्त करून दिली. पण टेबलातले कॉलम कोडमध्ये असे सुटे हिंडत राहिले, तर पुन्हा कुणाचे तरी पैसे चुकणार, हे मनात बसलं. तेव्हापासून नवीन मुलंमुली कामाला आली की मी त्यांना आधी कॉलमांचे गट बांधायला शिकवतो, म्हणजे मिळून अर्थ देणारे कॉलम कोडमध्ये एका छोट्या वर्गात एकत्र ठेवायला. तेच इथे क्रमाने सांगतो. थोडंफार कोड आणि डेटाबेसची ओळख असली की पुरे.

उदाहरण आमच्याच आवकेच्या टेबलाचं घेऊ. नावं वाचायला सोपी म्हणून देवनागरीत लिहिली आहेत.

पावती_क्र, दिनांक
शेतकरी_नाव, शेतकरी_गाव, शेतकरी_तालुका, शेतकरी_जिल्हा, शेतकरी_पिन
खरेदीदार_नाव, खरेदीदार_गाव, खरेदीदार_तालुका, खरेदीदार_जिल्हा, खरेदीदार_पिन
गट_क्र, एकर, गुंठे
शेतमाल
भरलेले_किलो, रिकामे_किलो, कट्टे
ओलावा, काडीकचरा, डागी
भाव, हमाली, तोलाई
गाडी_क्र, शेरा

एकूण सत्तावीस. (गट_क्र म्हणजे जमिनीचा गट क्रमांक, आपण बांधणार त्या गटांशी त्याचा संबंध नाही.) अशा टेबलासाठी नवशिका माणूस सत्तावीस फील्डचा एक वर्ग (क्लास) लिहून मोकळा होतो. बहुतेक साधनं आपोआप तसाच वर्ग काढून देतात. तो चालतोही. पण त्या वर्गाला वजन म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, हे काहीच माहीत नसतं.

पहिली पायरी: टेबल मोठ्याने वाचा

कीबोर्डला हात लावण्याआधी कॉलमांची यादी कागदावर घ्या आणि जो माणूस रोज ही पावती फाडतो त्याच्याजवळ बसा. आमच्याकडे मुनीम होते. मी वाचायला लागलो, "भरलेले किलो, रिकामे किलो..." त्यांनी मध्येच थांबवलं. "आम्ही एवढं बोलत नाही बाबा. भुईकाट्यावरून गाडी आली की वजन झालं म्हणतो. वजनात सगळं आलं."

त्या एका वाक्यात पहिला गट मिळाला. पुढे वाचत गेलो तसे ते सांगत गेले: ओलावा, काडीकचरा आणि डागी (डागाळलेले दाणे) मिळून मालाची प्रत. गाव, तालुका, जिल्हा, पिन मिळून पत्ता. हमाली आणि तोलाई म्हणजे खर्च. कामाच्या ठिकाणच्या बोलण्यात हे गट आधीच तयार असतात. टेबल करताना आपणच ते मोडून सपाट केलेले असतात. म्हणून गटाला नाव देताना त्या लोकांच्या तोंडातलाच शब्द घ्या. 'माहिती_संच_२' असलं नाव सुचत असेल तर तो गट खरा नाही असं समजा.

दुसरी पायरी: गट खरा आहे का ते तपासा

एकेका गटाला तीन प्रश्न विचारा. यातला एक कॉलम एकटा ठेवला तर त्याला अर्थ उरतो का? एक बदलला की दुसराही बहुधा बदलतो का? या सगळ्यांवर मिळून काही नियम किंवा हिशेब चालतो का?

वजनाला लावून बघा. नुसतं 'रिकामे_किलो १,७४०' याचा पावतीवर काही उपयोग नाही. गाडी पुन्हा काट्यावर चढली की दोन्ही आकडे नव्याने येतात. आणि निव्वळ वजन दोघांच्या वजाबाकीतूनच निघतं. तिन्ही उत्तरं एकाच बाजूला पडली, गट पक्का.

आता 'गाडी_क्र'. तो काट्याच्या चिठ्ठीवर वजनाशेजारीच छापलेला असतो, म्हणून वजनाच्या गटात घालायचा मोह होतो. पण गाडीचा क्रमांक निव्वळ वजनाच्या हिशेबात कुठेच येत नाही. फॉर्मवर शेजारी आहे एवढ्यावरून नातं जोडू नका. नवीन माणसाकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तो स्क्रीनवरच्या चौकटी बघून गट पाडतो आणि स्क्रीन बदलली की त्याचे वर्ग निरर्थक होतात.

'शेरा' आणि 'दिनांक' एकटेच राहतील. राहू द्या. प्रत्येक कॉलमला घर मिळालंच पाहिजे असा हट्ट नको.

तिसरी पायरी: एकच गट पुरता बांधा

सगळे गट एकदम करायला जाऊ नका. मी क्षेत्रापासून सुरुवात करायला सांगतो, कारण गट का हवा ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

आपल्याकडे माणूस जमीन एकर-गुंठ्यात सांगतो. "दोन एकर तीस गुंठे सोयाबीन आहे." टेबलात एकर आणि गुंठे असे दोन कॉलम. एका जुन्या अहवालात कुणीतरी ते जोडून २.३० असा दशांश आकडा केला होता आणि बेरजा मारल्या होत्या. २ एकर ३० गुंठे आणि १ एकर २० गुंठे मिळून किती? दशांशाने ३.५० येतं, म्हणजे वाचणारा साडेतीन एकर समजणार. खरं उत्तर ४ एकर १० गुंठे आहे, कारण एकरात ४० गुंठे असतात, शंभर नव्हे. यात आणखी एक पेच आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, आणि हेक्टरात मात्र १०० आर असतात, त्यामुळे तिथे १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर हे बरोबर बसतं. शिवाय गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि आर १०० चौरस मीटरचा, दोघांत फरक अगदी थोडा. म्हणून लोक सातबाऱ्यावरची दशांशाची सवय एकर-गुंठ्याला लावतात आणि आकडे हळूच बिघडतात.

हा नियम कुठे लिहायचा? सुट्या फील्डच्या वर्गात तो जिथे बेरीज तिथे तिथे लिहावा लागतो, आणि एखाद्या ठिकाणी राहून जातो. गट केला की त्याला एकच जागा मिळते:

वर्ग क्षेत्र
    एकर : पूर्णांक
    गुंठे : पूर्णांक

    तयार होताना:
        एकर उणे असेल तर थांबा, चूक दाखवा
        गुंठे ० ते ३९ च्या बाहेर असतील तर थांबा, चूक दाखवा

    एकूण_गुंठे() = एकर × ४० + गुंठे

    अधिक(दुसरे):
        बेरीज = एकूण_गुंठे() + दुसरे.एकूण_गुंठे()
        परत द्या: क्षेत्र(एकर = बेरीज भागिले ४०, गुंठे = उरलेली बाकी)

पावतीच्या वर्गात आता एकर, गुंठे ही दोन फील्ड नसतील. 'क्षेत्र' नावाचं एकच फील्ड असेल. टेबल मात्र जसं होतं तसंच, तेच दोन कॉलम. ही गोष्ट नवीन लोकांना पटायला वेळ लागतो, म्हणून स्पष्ट सांगतो: गट कोडमध्ये होतो. डेटाबेसात नवीन टेबल नाही, टेबलांची जोड (जॉइन) नाही, हलवाहलव नाही. चालू हंगामातही हे काम करता येतं.

प्रतीचा गट बांधताना मला स्वतःला एक गोष्ट उशिरा कळली. प्रत(१२, २, १) असं लिहिलं तर आकडे उलटे पडण्याचा धोका तसाच उरतो. नऊच्या जागी तीन झाले इतकंच. म्हणून सारख्या प्रकारचे आकडे देताना नाव घेऊन द्या: प्रत(ओलावा = १२, काडीकचरा = २, डागी = १). भाषेत नावाने देण्याची सोय नसेल तर प्रत्येकाचा छोटा प्रकार करा किंवा एकेक आकडा नावाच्या फंक्शनने भरा. हे टाळू नका. काकांची पट्टी याच जागी चुकली होती.

चौथी पायरी: आकड्याला एकक जोडा

जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा बातम्यांत कधी ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) असा येतो, कधी २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) असा. पाणी तेवढंच. एकक काढून नुसता आकडा ठेवला तर दोन वेगळी धरणं वाटतील. भाव आणि वजनाचं तसंच आहे. काटा किलो दाखवतो, भाव क्विंटलचा असतो.

भरलेली गाडी २,९९० किलो, रिकामी १,७४०, निव्वळ १,२५० किलो, म्हणजे साडेबारा क्विंटल. भाव २०२४-२५ च्या हमीभावाइतका, ४,८९२ रुपये धरला तर रक्कम ६१,१५० रुपये. कुणी किलोला थेट भावाने गुणलं तर ६१,१५,००० रुपये. एवढी मोठी चूक लगेच दिसते, हे खरं. पण हमाली कट्ट्यावर आहे की क्विंटलवर, यातली चूक दिसत नाही. ती हंगामभर मुरत राहते.

म्हणून वजनाच्या गटात निव्वळ_किलो() आणि निव्वळ_क्विंटल() अशी दोन स्पष्ट नावं ठेवा आणि भावाच्या गटाला रकमेचा हिशेब सांगा: भाव.रक्कम(वजन). बाहेरच्या कुणालाही १०० ने भागायची वेळ येऊ देऊ नका. पैशासाठी तरंगता दशांश (फ्लोटिंग पॉइंट) कधीच वापरू नका. डेटाबेसात अचूक दशांशाचा कॉलम आणि कोडमध्येही अचूक दशांशाचाच प्रकार घ्या. तरंगत्या दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

पाचवी पायरी: फ्रेमवर्कला सांगा

टेबल आणि वर्ग यांची सांगड घालणाऱ्या प्रत्येक साधनात या गोष्टीला वेगळं नाव आहे, ते कळलं की शोधाशोध कमी होते.

जावात जेपीए (अशी सांगड घालायची जावाची ठरलेली पद्धत) वापरत असाल तर गटाच्या वर्गावर 'एम्बेडेबल' आणि पावतीतल्या फील्डवर 'एम्बेडेड' ही खूण लावा. २००६ च्या पहिल्या आवृत्तीपासून ही सोय आहे. जेपीए राबवणाऱ्या हायबरनेटच्या जुन्या लिखाणात तिला 'कॉम्पोनंट' म्हटलेलं सापडेल. पीएचपीच्या डॉक्ट्रिनमध्ये आवृत्ती २.५ पासून 'एम्बेडेबल' याच नावाने आहे. डॉटनेटच्या ईएफ कोअरमध्ये २०१७ पासून 'ओन्ड टाइप' होते, २०२३ च्या आवृत्ती ८ मध्ये 'कॉम्प्लेक्स टाइप' आले. नव्याने सुरू करणाऱ्याने कॉम्प्लेक्स टाइपच बघावेत असं माझं मत. ओन्ड टाइपला आतून स्वतःची ओळख चिकटलेली असते आणि एकच ऑब्जेक्ट दोन मालकांना देता येत नाही. वजन किंवा पत्ता यांना तशी ओळख नसते, त्यांचं मूल्य हीच त्यांची ओळख. पायथनच्या एसक्यूएलअल्केमीत 'कॉम्पोझिट' शोधा, रूबीच्या रेल्समध्ये 'कम्पोज्ड ऑफ'.

पायथनच्याच जँगोत थेट अशी सोय नाही. तिथे पुष्कळ जण ॲब्स्ट्रॅक्ट मॉडेल करून त्यात कॉलम ठेवतात. त्याने लिहिणं वाचतं, पण कॉलम पावतीवर सपाटच उतरतात, गट म्हणून हातात काही येत नाही. त्यापेक्षा कॉलम मॉडेलवर तसेच ठेवा आणि एक प्रॉपर्टी लिहा जी ते वाचून वजनाचं ऑब्जेक्ट बनवून देईल.

सहावी पायरी: एकच गट दोनदा आला तर

पत्ता दोघांना आहे, शेतकऱ्याला आणि खरेदीदाराला. वर्ग एकच लिहायचा, फील्ड दोन: शेतकरी_पत्ता आणि खरेदीदार_पत्ता. इथे पहिली अडचण येते. जेपीएला दोन्ही पत्त्यांतलं 'गाव' एकाच कॉलमवर जातंय असं वाटतं आणि कॉलम दोनदा आल्याची तक्रार करून प्रोग्राम सुरूच होत नाही. उपाय म्हणजे 'ॲट्रिब्यूट ओव्हरराइड': प्रत्येक पत्त्याच्या प्रत्येक फील्डला कॉलमचं नाव हाताने सांगा. लिहायला कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

डॉक्ट्रिन आणि ईएफ कोअर फील्डचं नाव आपोआप पुढे जोडतात. नव्या टेबलाला ते छान, जुन्या टेबलाला नाही. शेतकरी_पत्ता या फील्डमुळे डॉक्ट्रिन शेतकरी_पत्ता_गाव असा कॉलम शोधेल, आपल्याकडे आहे शेतकरी_गाव. तेव्हा पुढचं नाव 'शेतकरी_' एवढंच ठेवायला त्याला सांगावं लागतं.

पत्त्यावरून आणखी एक विचारायची गोष्ट. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. पावतीतला जिल्हा बदलायचा का? मुनीम म्हणाले, "जुन्या पावतीवर जे छापलं ते छापलं. खात्यावर नवीन नाव पाहिजे." हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पावतीवरचा पत्ता त्या दिवशीचा पत्ता आहे, तो मूल्य म्हणून गटात पावतीसोबतच राहावा. शेतकऱ्याचं खातं मात्र चालू गोष्ट आहे, तिथे जिल्हा वेगळ्या टेबलातून यावा, म्हणजे एका ओळीत नाव बदललं की सगळीकडे बदलेल. पत्ता गट की पत्ता टेबल, याचं एकच उत्तर नाही. कागद कोणता आहे ते बघा.

सातवी पायरी: रिकामा गट

गाडी आली, पण प्रत अजून तपासलेली नाही. तिन्ही कॉलम रिकामे. मग पावती.प्रत काय देईल? हायबरनेट गटातले सगळे कॉलम रिकामे दिसले की गटाचं ऑब्जेक्टच देत नाही, तिथे काहीच नसतं. डॉक्ट्रिन उलट करतं: ऑब्जेक्ट नेहमी देतं, आतली फील्ड रिकामी. ईएफ कोअर ८ चे कॉम्प्लेक्स टाइप तर रिकामे ठेवताच येत नव्हते. म्हणजे तुमच्या साधनावर अवलंबून एकच तपासणी एकीकडे प्रोग्राम पाडते, दुसरीकडे शून्य प्रत समजून पुढे जाते. दुसरं जास्त घातक, कारण शून्य ओलावा म्हणजे कपातच नाही.

सुरुवातीलाच एक छोटी चाचणी लिहा: रिकाम्या प्रतीची पावती जतन करा, पुन्हा वाचा, काय मिळालं ते बघा. आणि पावतीलाच विचारता येईल असं करा: प्रत_तपासली_का(). बाकीच्या कोडने तेवढंच विचारावं.

आठवी पायरी: गट दुरुस्त करू नका, नवा द्या

शेजारच्या पावतीवर तोच पत्ता आहे म्हणून तेच ऑब्जेक्ट दोन्हीकडे दिलं आणि मग एकीचं गाव बदललं, तर दुसरीचंही बदलतं. एसक्यूएलअल्केमीत गटाच्या आत बदल केला तर खास सोय केल्याशिवाय तो बदल त्याच्या लक्षातच येत नाही, जतन होत नाही. दोन्हींवर एकच उपाय: गट एकदा तयार झाला की आतून बदलता येणार नाही असा करा. वजन पुन्हा झालं तर नवं वजन तयार करून पावतीला द्या. काट्यावरही तसंच होतं. जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड न करता नवी चिठ्ठी निघते.

जे गट वाटतात पण नाहीत

एखाद्या टेबलात कट्टा_१_किलो, कट्टा_२_किलो, कट्टा_३_किलो असे कॉलम दिसले तर ते गटात घालू नका. ती यादी आहे, आणि चौथा कट्टा आला की मोडते. तिला वेगळं टेबल हवं. तसंच 'शेतकरी_नाव' आणि त्यांचा पत्ता मिळून 'शेतकरी' असा गट करावासा वाटेल. पण तोच शेतकरी पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, त्याला खातं आहे, ओळख आहे. ज्याला ओळख आहे त्याला टेबल.

चालू करण्याआधी

गटात नियम घातले की जुना डेटा त्यांना तोंड देतो का, हे आधी बघा. इथेही साधनं वेगळी वागतात. डॉक्ट्रिन वाचताना कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा, नियम तपासणारा भाग) चालवतच नाही आणि हायबरनेट साध्या वर्गासाठी रिकामा कन्स्ट्रक्टर वापरून फील्ड भरतं, त्यामुळे जुनी चुकीची ओळ गुपचूप आत येते. एसक्यूएलअल्केमी किंवा जावाचे रेकॉर्ड मात्र तुमचाच कन्स्ट्रक्टर चालवतात, तेव्हा एका जुन्या ओळीत गुंठे ४५ असले तर ती पावती उघडणारच नाही, आणि ते कळेल खिडकीत माणूस उभा असताना.

म्हणून नियम लिहिल्याबरोबर तोच नियम उलटा करून डेटाबेसाला विचारा: गुंठे ३९ च्या वर किती ओळींत? रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त किती ठिकाणी? ओलावा काडीकचऱ्यापेक्षा कमी कुठे? निघालेल्या ओळी स्वतः दुरुस्त करत बसू नका. छापून मुनीमांसमोर ठेवा, प्रत्येकीची मूळ पावती काढा, आणि ज्या पट्टीत पैसे कमी गेले असतील त्या शेतकऱ्याला फोन लावा.